कठड्यावरचे दाणे आणि आपली फुप्फुसे

सकाळी मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी बाल्कनीच्या कठड्यावर टाकावी आणि पाखरांची वाट पाहावी, हा अनेक ज्येष्ठांचा नित्यनेम असतो. त्यामागे भूतदया असते, पूर्वापार संस्कार असतात आणि पुष्कळदा एकटेपणावरचा उताराही असतो. म्हणूनच ‘दाणे टाकू नका’ असे सांगणे जड जाते. तरीही इमारतीत राहणाऱ्या वाचकांना, कबुतरांच्या बाबतीत, ते सांगणे भाग आहे.

मुंबईतील कबुतरखाने २०२५ साली बंद करण्यात आले तेव्हा दादरला मोठा वाद उद्भवला. तो वाद चौकातल्या कबुतरखान्याचा होता. आपल्या कठड्यावरच्या छोट्या कबुतरखान्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि पिसांवरील बारीक भुकटीत काही प्रथिने असतात. ती श्वासावाटे वारंवार आत गेली, तर काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध उठते आणि फुप्फुसांना सूज येते. या विकारास ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणतात. तो सर्वांना होत नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. कधी संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते. कधी तो गुपचूप वाढतो: जिना चढताना दम लागतो, वजन घटते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले’. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसे घट्ट होतात. ती पूर्ववत होत नाहीत. औषधांनी सूज कमी करता येते. परंतु खरा उपचार म्हणजे संपर्क तोडणे. याशिवाय विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना मेंदूज्वर आणू शकते.

म्हणून खोकला किंवा धाप तीन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ‘आमच्याकडे कबुतरे येतात’ हे वाक्य आपल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलू शकते.

विष्ठा कोरडी झाडू नये. आधी साबणाचे पाणी शिंपडून ती भिजवावी, मग ओल्या फडक्याने पुसावी. हे काम एन-९५ मास्क व हातमोजे घालून घरातील धडधाकट व्यक्तीने करावे; दमा असलेल्याने किंवा स्टेरॉइड घेणाऱ्याने करू नये. त्यानंतर बाल्कनीला जाळी बसवावी.

‘मग कबुतरे उपाशी मरतील’ ही भीती अनाठायी आहे. ती आपल्या पिल्लांना स्वतःच्या अन्ननलिकेत तयार होणारे ‘दूध’ भरवतात, त्यामुळे अन्न मुबलक असले की वर्षभर वीण चालू राहते. आपल्या दाण्यांनी त्यांची भूक भागते त्याहून अधिक त्यांची संख्या वाढते. चिमणीच्या पिल्लांना तर पहिले काही दिवस दाणे नव्हे, किडे लागतात. ते आपल्या कठड्यावर नव्हे, झाडाझुडपांत मिळतात.

अंगण असेल तर पेरू, पपई, जास्वंद लावावी. बुलबुल आणि शिंजीर आपणहून येतील. उन्हाळ्यात झाडाखाली, घरापासून थोडे दूर, पाण्याचे पसरट मातीचे भांडे ठेवावे. ते रोज रिकामे करून घासावे, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतील.

शेवटी सांभाळ करणाऱ्यांसाठी एक विनंती. आजी-आजोबांच्या हातातून दाण्यांचा डबा काढून घेऊन प्रश्न सुटत नाही. त्या डब्यात त्यांची सकाळ असते. डब्याऐवजी झारी द्या, कुंड्यांची जबाबदारी द्या, सकाळी बागेपर्यंत त्यांच्यासोबत चार पावले चाला. आणि ज्येष्ठ वाचकहो, पाखरांवरील आपली माया कमी करू नका. फक्त तिची जागा कठड्यावरून झाडापाशी न्या.