गराजमधली खटपट : टाक्यांची घडवंची

गेल्या उन्हाळ्यात मॉन्टरेला डायव्हिंगला जाताना करकचून ब्रेक लावावा लागला आणि मागे सुटी ठेवलेली हवेची टाकी गडगडत येऊन लेकीच्या सीटच्या पाठीवर आदळली. तिला लागलं नाही. मला मात्र रात्रभर झोप नाही. 80 घनफुटी अ‍ॅल्युमिनियमची टाकी भरल्यावर 40 पौंडांच्या आसपास जाते, आणि आतला दाब दर चौरस इंचाला 3000 पौंड!

पुढच्याच शनिवारी 1 इंची पीव्हीसी पाइप आणला. टाकीचा व्यास 7.25 इंच. दोन पाइप मध्यापासून मध्यापर्यंत 5 इंचांवर ठेवले की टाकी त्यांच्यात नीट बसते. दोन टाक्यांना चार पाइप, जोडायला टी आणि एल्बो. आधी सगळं कोरडंच जोडून टाक्या ठेवून पाहिल्या, मगच सिमेंट लावलं. ते एकदा धरलं की सुटत नाही.

भारतातून आलेली आई म्हणाली, "अरे, ही तर आपली घडवंची!" खरंच की. पण स्वयंपाकघरातली घडवंची जागची हलत नाही, ही ताशी 65 मैलांनी धावते. रॅक फक्त गडगडणं थांबवतो. जोराच्या ब्रेकला टाक्या धरून ठेवतो तो गाडीतल्या कड्यांना बांधलेला पट्टा. तो आवळल्याशिवाय आता आमची गाडी गराजबाहेर निघत नाही.