एक कोपरा तसाच राहू द्या

जूनचा पहिला आठवडा आला की शाळांच्या आवारात दोन कामं हमखास निघतात. भिंतींना नवा रंग लागतो आणि मैदानातल्या उरल्यासुरल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसतात. चिखल नको, मुलांचे बूट-मोजे खराब व्हायला नकोत, आणि प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांना आवार लख्ख दिसायला हवं. यातली प्रत्येक अडचण मला समजते. तरीही ते ठोकळे टेम्पोतून उतरताना पाहिले की जीव तुटतो. तीन ते आठ वर्षांच्या मुलाला झाडपाला शिकवण्याची सगळ्यात सोपी आणि बिनखर्चाची जागा शाळेच्या पायाशीच असते, आणि नेमकी तीच आपण गाडून टाकतो.

मग झाडं शिकवायची कुठे? तक्त्यावर. मूळ, खोड, पान, फूल, फळ, प्रत्येकाला एक बाण. बालवर्गातलं मूल हा तक्ता घडाघडा म्हणून दाखवतं. फाटकाशी उगवलेल्या आघाड्याला घासून ते रोज शाळेत येतं, पण त्या आघाड्याचं मूळ कसं असतं हे त्यानं कधी उपटून पाहिलेलं नसतं. तक्त्याच्या जोडीला वर्षातून एक सहल असते, एखाद्या रोपवाटिकेत किंवा कृषी पर्यटन केंद्रात. मुलांच्या लांबलचक रांगा, ‘हात लावू नका’च्या सूचना, खाऊ, फोटो आणि परतीची बस. हौशी बाई असतील तर ओल्या कापसात मूग घालून मोड दाखवतात. हा प्रयोग चांगलाच आहे, तो होत राहावा. पण आठवड्या-दीड आठवड्यात कापसाला वास मारू लागतो, रोपं माना टाकतात आणि मुलाच्या लेखी झाडाची गोष्ट तिथंच संपते.

माझं म्हणणं साधं आहे. लहान मुलांना वर्षाकाठी एक नवी जागा दाखवण्यापेक्षा एकाच जागी दर आठवड्याला न्यावं, जूनपासून थेट एप्रिलपर्यंत. जागा दहा फूट बाय दहा फूट असली तरी पुरे. तिथं बाग नसावी हे उत्तम. बागेत माळ्यानं लावलेलंच उगवतं आणि तिथली फुलं तोडायची नसतात. आपल्याला हवा न खुरपलेला, न फवारलेला मातीचा तुकडा. झाडं सावकाश बदलतात आणि चार वर्षांच्या मुलाला कालच्या-परवाच्या पलीकडचा काळ नीट धरता येत नाही. त्यामुळे बदल दिसायचा तर जागा तीच राहायला हवी. गेल्या सोमवारी इथं दोन पानं होती, आज बरीच आहेत, हे त्याला कळतं ते तो त्याच ठिकाणी पुन्हा उकिडवा बसतो म्हणून.

यात नवं काही नाही. जर्मनीत फ्रोबेलनं १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, आणि मुलांना स्वतःचा वाफा असावा असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे तर याहून जवळचा दाखला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंना मॉन्टेसोरी पद्धतीची ताकद माहीत होती, आणि तिची महागडी साधनं खेड्यापाड्यांतल्या शाळांना पेलणार नाहीत हेही माहीत होतं. मग बिया, पानं, काटक्या, शिंपले, खडे हीच साधनं झाली. बिया मोजायच्या, पानं लहान-मोठी लावायची, काटक्यांनी आकार करायचे. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात गेली. ती कुरणशाळा. या दोघींची नावं बालशिक्षणाच्या व्यासपीठांवरून आजही आदरानं घेतली जातात. पण त्यांच्या कामातली माती, पानं आणि कुरण आपण बाहेर ठेवलं आणि तसबिरी तेवढ्या आत आणल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता त्या दहा फुटांत दिसतं काय, ते सांगते.

पहिल्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की टाकळा उठतो. कुणी पेरलेला नसतो, गेल्या वर्षीचं बी मातीत दडलेलं असतं. मुलांना पहिला प्रश्न इथंच मिळतो: हे आलं कुठून? उत्तर देण्याची घाई करू नये. पुढच्या आठवड्यात एकेक पान हातात द्यावं. एका दांडीवर छोट्या पानांच्या तीन जोड्या असतात, मुलं त्या बोटांनी मोजतात. मग घरी जाताना सांगावं, दिवेलागणीला आपल्या घराजवळचा टाकळा बघून या. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग ओरडत येतो, ‘बाई, पानं झोपली होती!’ टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, त्यांनी पाहिलेलं असतं. पुढं याच टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, अळ्या पानं कुरतडतात, आणि भोकं पडलेल्या पानाचा गुन्हेगार शोधण्यात मुलांचे दोन तास कसे जातात ते कळत नाही.

कुंपणाच्या कडेला आंबुशी पसरते. तिचं पान तीन दलांचं, प्रत्येक दल बदामाच्या आकाराचं. बाईंनी ओळखून, धुऊन दिलेलं एक पान जिभेवर ठेवलं की मुलांचे डोळे मिटतात, इतकी ती आंबट. ‘आंबट’ ही चव फळ्यावर शिकवावी लागत नाही.

आणि तेरडा. कोकणात आणि घाटमाथ्यावर तो आपोआप येतो. इतर ठिकाणी मूठभर बी टाकलं की झालं. फूल गळून पडल्यावर जी फुगीर, लवदार शेंग येते ती पिकेपर्यंत थांबायचं. पिकलेली शेंग मुलाच्या तळहातावर ठेवून मूठ हलकेच मिटायला सांगायची. शेंग फटकन फुटते, तिच्या साली सुरवंटासारख्या वळवळून गुंडाळतात आणि बिया बोटांच्या फटीतून उडतात. गेल्या पावसाळ्यात एका बालवाडीत एक मुलगी दचकून हात झटकून बसली, आणि लगेच दुसरी शेंग शोधायला पळाली. मग सगळ्या वर्गानं त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. बाईंनी वेळापत्रक बाजूला ठेवलं, यासाठी त्यांचं कौतुक करायला हवं. बी आईपासून लांब का जातं, हा धडा या मुलांना पुढं जेव्हा येईल तेव्हा त्यांच्या तळहाताला तो आधीच ठाऊक असेल.

पाऊस ओसरला की आघाडा आपलं काम सुरू करतो. गणपतीच्या पत्रीत मुलांनी त्याची पानं पाहिलेली असतात, आता त्याचे तुरे पाहायचे. तुऱ्यावरून वरून खाली बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. खालून वर फिरवलं तर टोचतं. सगळी फळं टोकं खाली करून दांडीला चिकटलेली असतात म्हणून असं होतं. बाजूनं जाणाऱ्या फ्रॉकला, मोज्याला, कुत्र्याच्या शेपटीला ती नेमकी अडकतात. बाईंनी प्रत्येक मुलाच्या मोज्यांवरची फळं वेचून मोजायला लावावीत. गणित, विज्ञान, बोटांची कसरत, सगळं एका तासात होतं. दिवाळीनंतर गवत वाळतं, माती उघडी पडते. फेब्रुवारीत तिथली दोन मुठी कोरडी माती आइस्क्रीमच्या डब्यात घेऊन वर्गाच्या खिडकीत ठेवावी आणि रोज शिंपडावी. बऱ्याचदा त्यातून काही ना काही उगवतं, आणि जूनमधला तो पहिला प्रश्न पुन्हा चर्चेला येतो.

शिक्षिकांची नेहमीची अडचण मला ठाऊक आहे: ‘आम्हालाच नावं येत नाहीत.’ नाही आली तरी चालतं. या वयात नावाला फार किंमत नको. मुलांना स्वतः नाव ठेवू द्या, ‘चिकट्या’, ‘झोपाळू’, ‘आंबट पान’. खरं नाव आजीला विचारायला सांगा, शाळेच्या मावशींना विचारा, भाजीवाल्या बाईंना विचारा. खरं तर आपल्या गावात झाडांची नावं जाणणारी माणसं शाळेच्या भिंतीबाहेरच जास्त आहेत. पालघर, ठाणे, रायगडच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं तर शाळेत येताना हे ज्ञान घेऊनच येतात. शेवळं कधी उगवतात, ती खाजू नयेत म्हणून भाजीत काकडं घालावी लागतात, कुर्डू कोवळा असतानाच खुडायचा, हे त्यांनी आईच्या मागं रानात फिरून शिकलेलं असतं. अशा मुलाला तक्त्यापुढं उभं करून ‘खोड दाखव’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. त्याला त्या कोपऱ्यात पुढं करा, बाकीच्यांना त्याच्याकडून शिकू द्या.

पालकांची भीती मात्र मी हलक्यानं घेत नाही. विषारी झाडं आपल्या आवारात असतात, आणि ती बाईंना ओळखता आलीच पाहिजेत. धोतरा, कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया, यातलं काहीही तोंडात जाता कामा नये. बिट्ट्यांनी तर आपल्या कित्येक पिढ्या खेळल्या, पण ते बी विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. खाजकुइलीच्या शेंगा आणि गाजरगवत उपटायचं काम मोठ्यांनी, मुलं येण्याआधी करावं. पावसाळ्यात गवतात काठी आपटून साप-विंचू नाही याची खात्री करावी, मुलांच्या पायांत बूट असावेत, परत आल्यावर साबणानं हात धुवावेत. आणि एकच नियम मुलांना पाठ करायला लावावा: बाईंना विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. हा नियम तीन वर्षांचं मूलही पाळतं, कारण तो रोज वापरात असतो. सगळं आवार सिमेंटचं केल्यानं मूल सुरक्षित होत नाही. सुट्टीत ते गावी जातंच, आणि तिथं धोतरा कोणता हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

‘आमच्या शाळेला मातीच नाही’ असं मुंबईतल्या शिक्षिका म्हणतात. खरं आहे, कित्येक शाळा दोन मजल्यांवर भरतात. तरी भिंतीच्या भेगेत, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळ असतोच. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं ते बी मूठभर मातीशिवाय कसं तगलं, हे पाहायला गच्चीवर जावं. कोवळं पान तांबूस का असतं, मोठं झाल्यावर हिरवं का होतं, शेपटीसारख्या लांब टोकावरून पाणी कसं ओघळतं. एक जुनी कुंडी मातीनं भरून, काहीही न लावता, पावसात ठेवून द्यावी. तिच्यात काय येतं ते वर्गानं पाहावं. जमीन नसली तर कुंडी चालेल; दर आठवड्याचा तास मात्र चुकता कामा नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला आणि खेळ, कृती, शोध यांतून शिकण्यावर भर दिला. कागदावर हे सगळं आलं आहे. त्यामुळे मुख्याध्यापकांना परवानगीसाठी कुणाकडं जावं लागू नये. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास आणि आवारात एक कोपरा, एवढंच काढून ठेवायचं आहे. पैसा लागत नाही; उलट पेव्हर ब्लॉकच्या बिलातला थोडा वाचतो.

म्हणून मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना आणि पालक-शिक्षक संघातल्या मंडळींना माझी विनंती आहे. यंदा आवाराचं काम निघेल तेव्हा ठेकेदाराला कुंपणालगतचा दहा बाय दहाचा चौकोन चुन्यानं आखून द्या आणि तो वगळायला सांगा. मावशींना आणि माळीकाकांना सांगा, दिवाळीपर्यंत तिथं खुरपं चालवायचं नाही. आणि पहिला पाऊस पडून आठवडा झाला की बालवर्गाच्या बाईंना मुलं घेऊन तिथं जाऊ द्या.