फेर धरणारे रसायन



मोताळा तालुक्यात कपाशीवर अळी पडली की फवारणी आलीच. त्या द्रवाला आपण ‘औषध’ म्हणतो. पण डब्यातले हे औषध बनते कसे, हे पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला सहसा कोणी सांगत नाही. आज त्यातल्या एका कुळाची ओळख करून घेऊ.

चार मुली हातात हात घालून ओळीने उभ्या आहेत, असे समजा. समोरून दोघी हात धरून आल्या. ओळीच्या दोन्ही टोकांच्या मुलींनी त्यांचे मोकळे हात एकदम धरले. झाला सहा जणींचा फेर! कार्बनचे अणूही असेच वागतात. चार कार्बनची साखळी आणि दोन कार्बनचा तुकडा जुळतात, दोन नवे बंध एकाच वेळी तयार होतात आणि सहा कार्बनचे कडे बनते. जर्मनीतील ऑटो डिल्स व त्यांचे विद्यार्थी कुर्ट आल्डर यांनी १९२८ साली ही क्रिया जगापुढे मांडली. १९५० साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्पगंधेच्या मुळीत रेसर्पिन हे रक्तदाब उतरविणारे द्रव्य असते. अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते १९५६ साली प्रयोगशाळेत घडविले. त्याची सुरुवात याच क्रियेने झाली.

पण कड्यात क्लोरीन भरले की त्याच क्रियेतून विषही तयार होते. आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन या कीटकनाशकांना तर या दोन शास्त्रज्ञांचीच नावे दिली गेली. देशभर कपाशीवर मारले गेलेले एन्डोसल्फान याच कुळातले. क्लोरीनने भरलेले कडे सहज मोडत नाही. ते मातीत टिकते. कातडीतूनही ते अंगात शिरते, मज्जातंतूंवर घाव घालते आणि माणसाला झटके येतात.

केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर ते वर्षानुवर्षे हवेतून फवारले गेले. लोक लढले. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली. २०१७ साली पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेशही दिला.

एक विष गेले, पण दुकानात दुसरी आहेत. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथील रसायने वेगळी होती. मरणारा मात्र पंप पाठीवर घेणाराच होता.

म्हणून डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहायला शिका. लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. घरी येताच साबणाने अंग धुवा, कपडे वेगळे धुवा. रिकाम्या डब्यात पाणी, तेल भरू नका. कोणाला त्रास झालाच तर दवाखान्यात जाताना डबा किंवा त्यावरचा कागद सोबत न्या. कोणते विष ते डॉक्टरांना लगेच कळेल.

घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना तो कागद मोठ्याने वाचायला सांगा. त्यांचे रसायनशास्त्र परीक्षेपुरते राहू नये. ते आईबापाच्या जिवाच्या कामी यावे.