चुकलेली पाळी हा केवळ लग्नाचा प्रश्न नाही



रमजान संपला की आपल्या घरांत मुलींना एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुझे किती रोजे कजा झाले?" कोणी पाच सांगते, कोणी सात. पुढच्या रमजानच्या आत ते पूर्ण करायचे असतात, म्हणून अम्मी किंवा दादी आकडा लक्षात ठेवते. मग एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी म्हणते, "माझा एकही रोजा गेला नाही." घरात तिचे कौतुक होते.

रमजान 29 किंवा 30 दिवसांचा असतो. पाळी नियमित असेल तर या महिन्यात ती बहुधा एकदा येतेच. एखाद्या वर्षी थोडे पुढेमागे होऊ शकते. पण सलग दोन रमजान असेच पूर्ण झाले, तर कौतुकाबरोबर मुलीला हळूच विचारायला हवे, "बेटी, तुझी पाळी दर महिन्याला येते ना?" नमाज-रोज्यासाठी हैजचे दिवस मोजण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. हाच हिशेब आरोग्यासाठीही वाचायला शिकलो, तर मुलीच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे भले होऊ शकते.

किती उशीर म्हणजे उशीर?

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांमधले अंतर 21 ते 45 दिवस चालते. तीन वर्षांनंतर मात्र 35 दिवसांपेक्षा जास्त अंतर वारंवार पडत असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. पहिले वर्ष उलटल्यावर एकदा जरी 90 दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तरी दाखवावे. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल तरीही थांबू नये.

यामागे अनेक कारणे असू शकतात. थायरॉइडचा त्रास असतो, काही वेळा फार कमी खाणे असते, विवाहित स्त्रीच्या बाबतीत आधी गर्भधारणा तपासावी लागते. पण सर्वांत जास्त आढळणारे एक कारण म्हणजे पीसीओएस, ज्याला बोलताना सगळे "पीसीओडी" म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 मधील अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील 8 ते 13 टक्के स्त्रियांना हा त्रास असतो, आणि त्यांतल्या 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसते.

या आजाराच्या नावातच एक गैरसमज आहे. 1935 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात स्टाईन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या तपासणीवरून त्याचे वर्णन केले, तेव्हा लक्ष अंडाशयावर होते. म्हणून नाव अंडाशयावरून पडले. सोनोग्राफीच्या कागदावर "सिस्ट" हा शब्द दिसला की घरात "पोटात गाठी झाल्या" अशी रडारड सुरू होते. खरे तर त्या गाठी नसतात. पूर्ण वाढ न झालेली बीजे धरून ठेवणाऱ्या त्या बारीक पिशव्या असतात. त्या कापून काढायच्या नसतात. कोवळ्या वयात अशा पिशव्या निरोगी मुलींतही दिसतात, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

मूळ दुखणे साखरेशी जोडलेले

आपण जेवतो तेव्हा रक्तात साखर वाढते. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडते आणि ती साखर पेशींच्या आत पोहोचवते. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांमध्ये शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे होते. मग शरीर आणखी इन्सुलिन तयार करते. साखरेचा अहवाल बरीच वर्षे ठीक येतो, पण आत इन्सुलिन वाढलेले असते.

या वाढलेल्या इन्सुलिनचा परिणाम अंडाशयावर होतो. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडे असणारे टेस्टोस्टेरॉन तिथे जास्त तयार होऊ लागते. बीज वेळेवर पक्व होत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर आणि ओठांवर जाड केस येतात, मुरुमे जात नाहीत. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली पट्टा दिसतो. वर्गात अशा मुली मी पाहते. घरी त्यांना "मान नीट घासत नाहीस" म्हणून बोलणी बसतात. तो मळ नसतो. वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण असते, आणि घासून ती जात नाही.

"आमच्या घरात दारूचा थेंब नाही, मग लिव्हर कसे?"

पोटाच्या सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" लिहून आले की आपल्याकडे पहिला उद्गार हाच असतो. अल्लाहच्या कृपेने दारूपासून आपण दूर आहोत. पण यकृतात चरबी साठायला दारूच लागते असे नाही. इन्सुलिनचे काम बिघडले की यकृत जास्तीच्या साखरेची चरबी बनवते आणि स्वतःतच साठवते. त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात कमी तयार होते. मग मोकळे टेस्टोस्टेरॉन आणखी वाढते आणि पाळी आणखी बिघडते. असे हे चक्र आहे. अनेक अभ्यास एकत्र पाहिले असता, पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये फॅटी लिव्हरचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळला आहे.

यकृत दुखत नाही, हीच अडचण आहे. चरबीनंतर काहींच्या यकृताला सूज येते, सुजेनंतर व्रण पडतात आणि थोड्या लोकांत ते व्रण सिरोसिसपर्यंत जातात. याला वर्षे लागतात, म्हणूनच सावरायला वेळही मिळतो. दारूशिवाय होणाऱ्या या आजाराचा समावेश भारत सरकारने 2021 मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे.

हा त्रास बारीक मुलींनाही होतो. "ती तर काडीसारखी आहे, तिला काय होणार," असे म्हणून तपासणी टाळू नये.

डॉक्टरांकडे काय विचारावे?

पाळीच्या तारखा लिहिलेले कॅलेंडर सोबत न्यावे. आई, खाला किंवा फुफी यांना मधुमेह असेल तर तो सांगावा, कारण हा त्रास घराण्यात चालतो. पीसीओएसचे निदान झाल्यावर पुढील गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात. उपाशीपोटी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी करावी का? केवळ उपाशीपोटीच्या साखरेत बिघाड सुटून जाऊ शकतो. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि एसजीपीटी तपासावे का? ओटीपोटाची सोनोग्राफी होतेच आहे, तर यकृतही पाहता येईल का? एसजीपीटी ठीक असले तरी यकृतात चरबी असू शकते, हेही लक्षात ठेवावे. साखरेची तपासणी एकदा करून विसरायची नाही. दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करावी लागते.

औषध आणि ताट

डॉक्टर अनेकदा पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या देतात. पाकिटावर गर्भनिरोधक लिहिलेले पाहून अम्मी घाबरते, "कुवार मुलीला ही गोळी?" इथे त्या गोळीचे काम वेगळे आहे. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे धोका निर्माण होतो. गोळी त्यापासून संरक्षण देते. तिच्यामुळे मुलगी वांझ होत नाही. मात्र गोळीने पाळी आली म्हणजे साखरेचा आणि यकृताचा प्रश्न सुटला, असेही नाही. काहींना मेटफॉर्मिन दिले जाते. हे मधुमेहाचे औषध इन्सुलिनचे काम सुधारते. ते चालू असेल तर रमजानपूर्वीच वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. रोजे पूर्ण व्हावेत किंवा उमराह नीट व्हावा म्हणून पाळी लांबवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. घटक न लिहिलेल्या पुड्याही टाळाव्यात, त्यांचाही भार यकृतावरच पडतो.

सर्वांत मोठा उपचार घरातच आहे. वजन जास्त असेल तर त्यातले 5 टक्के कमी झाले तरी फरक पडू लागतो. म्हणजे 70 किलोच्या मुलीने साडेतीन किलो. त्यासाठी उपाशी राहायचे नाही. सरबत, कोल्ड्रिंक आणि चहातली साखर आधी कमी करावी. खारी-बिस्किटे आणि मैद्याच्या पावाऐवजी भाकरी, डाळ, अंडे, मासे, भाजी असावी. बिर्याणी हराम झालेली नाही. ताटात भात निम्मा आणि कोशिंबीर दुप्पट, एवढे पुरते. आठवड्यात किमान अडीच तास भरभर चालावे. शाळकरी मुलींना तर रोज तासभर हालचाल हवी. मुलीला एकटीला बाहेर पाठवणे जमत नसेल तर फज्रनंतर अम्मीने तिच्याबरोबर निघावे. अम्मीच्या साखरेलाही ते उपयोगी पडेल. ताट मात्र सगळ्या घराचे बदलावे. भाऊ समोर समोसे खातो आणि मुलीने काकडी खायची, असे चार दिवसही टिकत नाही.

रिश्त्याची भीती

बहुतेक घरांत हा आजार लपवला जातो तो रिश्त्यासाठी. लग्नापूर्वी फाइल कपाटात जाते, लग्नानंतर दिवस राहिले नाहीत की बाहेर येते आणि पहिले मूल झाले की पुन्हा आत जाते. मधल्या काळात सासरच्या टोमण्यांनी आणि चेहऱ्यावरच्या केसांच्या लाजेने मुलगी आतून खचते, त्याकडेही लक्ष द्यावे. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. अनेकींना आपोआप मूल होते, काहींना बीज पक्व करणाऱ्या औषधांची मदत लागते. पण गरोदरपणात साखर वाढण्याची शक्यता त्यांच्यात जास्त असते, म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे. आणि मूल झाल्यावर पाळी सुधारली, तरी साखर आणि यकृत यांची तपासणी चालूच ठेवावी, अगदी पाळी जाण्याच्या वयानंतरही.

मदीनेतल्या अन्सारी स्त्रियांची हजरत आयशा (रजि.) यांनी प्रशंसा केली होती, ती याच गोष्टीसाठी, की लाजेपायी त्यांनी दीनचे ज्ञान घेणे सोडले नाही. तो प्रसंग हैजनंतरच्या गुस्लविषयीच्या प्रश्नाचा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर जो विषय विचारला गेला, तो आपल्या स्वयंपाकघरात अम्मीसमोर विचारायला मुलीला भीती का वाटावी?

या महिन्यात एवढेच करा. मुलीला एक लहान कॅलेंडर द्या आणि तारखा लिहायला सांगा. कजा रोज्यांसाठीही ते उपयोगी पडेल, आणि गरज पडली तर दवाखान्यातही.

अल्लाह आपल्या सर्व मुलींना सेहत आणि सुकून देवो. आमीन.