मुलासाठी कुत्रा: जात आणि बाजार

लहान मूल असलेल्या घरी कोणता कुत्रा आणावा, या प्रश्नाला केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये यादीने उत्तर देऊन पाहिले. २३ जाती हिंस्र ठरवून त्यांच्या विक्रीस व पैदाशीस परवाने देऊ नयेत, असे राज्यांना कळविण्यात आले. संबंधितांचे म्हणणे ऐकलेच नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिलमध्येच रद्द केले. ब्रिटनने १९९१ साली चार जातींवर बंदी घातली होती. पुढे तेथेही यादी वाढवावी लागली.

यादीने एक गैरसमज मात्र बळावतो: यादीबाहेरचा कुत्रा निर्धोक. वस्तुतः जेवताना भांड्यात हात घातला, झोपेत शेपूट ओढली, तर गरीब स्वभावाचा लॅब्रॅडॉरही चावू शकतो. पिलाच्या वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात त्याला माणसांचा, मुलांचा सहवास लाभावा लागतो. न लाभल्यास ते भित्रे होते, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकता येत नाही. नियम योग्यच; पण त्यामुळे या काळाचा मोठा भाग विक्रेत्याकडे जातो आणि तो कसा गेला, हे त्यालाच ठाऊक असते. गिऱ्हाईक जात, रंग नि किंमत विचारते. पिलाची आई पाहावयास मागणारे विरळाच. त्यापेक्षा स्वभाव कळलेला, लस टोचलेला प्रौढ कुत्रा, मग तो गावठी का असेना, अधिक भरवशाचा. तरीही दोघांना एकटे सोडू नये. रागावतील या भीतीने मूल ओरखडाही लपविते, आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर लस निरुपयोगी ठरते.