आधी दळण, मग मशीन

घरात एस्प्रेसो मशीन घ्यायचं ठरलं की पहिली तुलना होते ती 'बार'ची. एका खोक्यावर १५ बार, दुसऱ्यावर २०. मग अर्थातच वीसवालं भारी. हा आकडा ग्राहकाला कामाचं काहीही सांगत नाही. उलट, ज्याने खरोखर फरक पडतो त्या गोष्टीवरून त्याची नजर हटवतो.

एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब लागतो. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ साली पेटंट घेतलेलं यंत्र वाफेवर चालायचं, त्याचा दाब दीड बारच्या आसपास. १९४८च्या सुमारास आकिल्ले गाज्जाने स्प्रिंग आणि दांड्याचं यंत्र आणलं, दाब ८-१० बारपर्यंत गेला आणि कपावर तो तांबूस फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. दाबाचा प्रश्न तेव्हाच सुटला. घरगुती मशीनमधला छोटा पंप, पाण्याची वाट पूर्ण अडवली तर, १५ बारपर्यंत जोर लावू शकतो, एवढाच खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ. चांगल्या मशीनमध्ये तर जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह मुद्दाम बसवलेला असतो.

पण पाण्याला अडवतं कोण? पूड. १८ ग्रॅम कॉफी नीट दळून, सारखी दाबून बसवली, तर त्यातून ३६ ग्रॅम एस्प्रेसो उतरायला २५-३० सेकंद लागतात. पूड जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत पळून जातं, कॉफी आंबट आणि पाणचट लागते. फार बारीक असेल तर थेंब थेंब गळते, कडू होते. स्वस्त मशीनवाले यावर दुहेरी तळाची जाळी देतात. तिच्या बाहेरच्या तळाला सुईएवढं एकच छिद्र असतं. पूड कशीही असो, अडथळा ते छिद्र करतं आणि फेसही तेच काढतं. दिसायला क्रेमा, चवीला काही नाही.

सोलापुरात तरी हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. वर्षाची ज्वारी भरून ठेवणारी आपली घरं दळण मात्र थोड्या दिवसांचंच आणतात. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. मग तवा कितीही महागाचा असो. विकतच्या ज्वारीच्या पिठाला नाक मुरडणारे आपण हजारोंचं मशीन हप्त्यावर आणतो आणि त्यात महिन्यापूर्वी दळलेली पाकिटातली पूड घालतो!

म्हणून हिशेब उलटा करा. बजेटमधले निम्मे पैसे आधी ग्राइंडरसाठी बाजूला काढा. मिक्सर चालत नाही. त्याचं पातं दाणे फोडतं, थोडा भुगा आणि थोडे खडे हाती येतात. दोन दातेरी भागांमधलं अंतर अगदी थोडं थोडं बदलता येईल असा 'बर' ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचा चालेल, त्यात मोटरचे पैसे वाचतात.

उरलेल्या पैशांत मशीन घेताना निकष एकच: ते उघडतं का? यंत्रमागांवर जगलेल्या गावाला दुरुस्तीचं महत्त्व माहीत आहे. बोअरच्या पाण्याचे क्षार आत साचणार, रबरी गॅस्केट कडक होणार, हे ठरलेलंच. गाज्जा क्लासिक हे मॉडेल १९९१पासून जवळपास त्याच मांडणीत टिकून आहे, कारण ते साध्या हत्यारांनी खोलता येतं आणि त्याचे भाग मिळतात. चकचकीत टचस्क्रीनवाल्या मशीनचं सर्किट गेलं, की वॉरंटीनंतर ते ओट्यावरचं शोपीस.

यावर कुणी म्हणेल, सकाळी कॉफी हवी, प्रयोगशाळा नको. रास्त आहे. पण मग एस्प्रेसो मशीनच नको. दूध-साखरेचीच कॉफी प्यायची असेल, तर शेजारच्या कर्नाटकातला पितळी किंवा स्टीलचा फिल्टर ते काम विजेशिवाय करतो. कॅफेसारखं दिसावं म्हणून घेतलेलं मशीन हा कॉफीवरचा खर्च नव्हे, पाहुण्यांवरचा आहे.

दुकानात बार विचारू नका. गॅस्केट कुठे मिळतं, साध्या एकेरी तळाची जाळी सोबत आहे का, हे विचारा. उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच राहू द्या.