आल्विंगबाईंचा दिवा

मंडळाच्या यंदाच्या हिवाळी नाटकासाठी नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनचं ‘भुतं’ निवडलं आहे हे कळल्यापासून मला बरेच फोन आले. वर्षातून एकदा सगळे जमतो, पोटभर हसायचं सोडून आजारी मुलगा आणि मेलेल्या नवऱ्याची लफडी कशाला, असं अनेकांनी कळकळीने विचारलं. प्रश्न योग्य आहे. फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देते.

हे नाटक डिसेंबर १८८१ मध्ये कोपनहेगनला पुस्तकरूपाने निघालं. दहा हजार प्रती छापल्या होत्या, पण वाचक इतके बिथरले की दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे प्रकाशकाकडे परत पाठवले. स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या नाट्यगृहांनी संहिता नाकारली. मग त्याचा जगातला पहिला प्रयोग कुठे झाला? आपल्या शिकागोत. २० मे १८८२ रोजी, अरोरा टर्नर हॉलमध्ये, मूळ भाषेत. आल्विंगबाईंचं, म्हणजे नाटकातल्या आईचं, काम हेल्गा ब्लूमे या डॅनिश अभिनेत्रीने केलं. बाकीची मंडळी बहुतेक हौशी होती, प्रेक्षक इथे येऊन स्थायिक झालेले नॉर्वेजियन आणि डॅनिश. टर्नर हॉल म्हणजे जर्मन लोकांच्या व्यायाम मंडळाची जागा. दुसऱ्यांचा हॉल भाड्याने घेऊन आपल्या भाषेतलं नाटक करणं आपल्याला काही नवीन नाही. मायदेशात ज्याला रंगमंच मिळेना, त्या नाटकाला घर सोडून आलेल्यांनी तो मिळवून दिला. लोगन स्क्वेअरमधल्या लाल विटांच्या मिन्नेकिर्केनवरून आपण कितीदा गेलो असू. ते चर्च नंतरचं, १९१२ चं, पण त्याच लोकांचं. ‘भुतं’ आपल्यासाठी परक्या गावचं नाटक नाही, ते आपल्या आधी इथे राहून गेलेल्यांचं आहे.

नॉर्वेशी मराठी रंगभूमीचं नातंही जुनं आहे. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. आधुनिक मराठी नाटकाचा इतिहास सांगताना तो प्रयोग वगळता येत नाही. बंदिस्त खोलीचं वास्तववादी नेपथ्य होतं आणि स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक यांनी, म्हणजे स्त्रियांनीच केल्या होत्या. श्री. वि. वर्तकांनी ते नॉर्वेच्याच ब्यर्नस्टर्न ब्यर्नसनच्या नाटकावरून बेतलं होतं. हा ब्यर्नसन इब्सेनचा समकालीन, आणि १८९२ नंतर त्याचा व्याही.

वर्तकांनी रूपांतर केलं, आपण भाषांतर करतो आहोत. आल्विंगबाईंना आळवणीबाई करून कोकणात बसवा, अशी सूचना आली होती. मी तिच्या विरोधात मत दिलं. नाव, गाव, साडी बदलली की प्रेक्षक आपल्या ओळखीतली आळवणीबाई शोधू लागतो आणि ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणून सुटतो. पश्चिम नॉर्वेतल्या फ्योर्डकाठचं घर, काचेबाहेर न थांबणारा पाऊस, गळाबंद काळा पोशाख आणि त्यातून येणारी आपली भाषा: असं असलं की सुटायला वाट राहत नाही. लोक काय म्हणतील म्हणून पाद्री मँडर्स आल्विंगबाईंच्या अनाथाश्रमाचा विमा उतरवू देत नाही, आणि तो आश्रम त्याच दिवशी जळतो. त्याला मराठी आडनाव द्यायची गरजच काय?

भाषांतराच्या बैठकींत सर्वांत मोठा आनंद मिळाला तो एका सर्वनामाचा. तिसऱ्या अंकात आल्विंगबाईंचा मुलगा ऑस्वाल्ड घरातल्या कामाच्या मुलीला, रेगीनाला, विचारतो की तू मला ‘तू’ का म्हणत नाहीस? ती पुटपुटते की बाईसाहेबांना ते आवडायचं नाही. आल्विंगबाई म्हणतात, लवकरच तुला ती मोकळीक मिळेल. ऑस्वाल्डला रेगीनाशी लग्न करायचं आहे, पण ती त्याच्या बापाची मुलगी आहे, आणि हे त्या क्षणी त्या खोलीत एकट्या आईला ठाऊक आहे. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’, त्यामुळे भाषांतरकाराला इथे कसरत करावी लागते. मराठीत ओळ जशीच्या तशी बसते, किंबहुना मुळापेक्षा जास्त बोचते. आपल्या आज्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणत, भावाला ‘तू’. ऑस्वाल्ड प्रेयसीचं ‘तू’ मागतो, आई बहिणीचं देऊ करते. तालमीत ही ओळ पहिल्यांदा उच्चारली गेली तेव्हा बराच वेळ कुणी पुढचं वाक्य घेतलं नाही.

आणि ऑस्वाल्ड. सात वर्षांचाही नसताना त्याला घरापासून दूर पाठवलेलं आहे, बापाचे धंदे दिसू नयेत म्हणून. आई पत्रांतून त्याला वडिलांचा मोठेपणा लिहीत राहिली, आणि मुलाने तोच खरा मानला. फोनवर दोन्हीकडून ‘सगळं छान आहे’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला टीप लागणार नाही. त्याची भूमिका करणारा आपला मुलगा इथेच जन्मला. त्याचा ‘ळ’ अजून घसरतो, ‘र’ वळतो. ते सुधारून घ्या म्हणून दिग्दर्शिकेला सांगण्यात आलं. तिने नकार दिला, आणि ती बरोबर आहे: पॅरिसहून परतलेल्या मुलाची भाषा आईच्या भाषेहून थोडी निराळीच असणार.

नाटकाचं मूळ नाव ‘येंगांगेरे’, म्हणजे पुन्हापुन्हा परतणारे, मेलेले आणि तरी चालते-फिरते. आल्विंगबाईंच्या मते आईबापांकडून नुसतं रक्तच येत नाही, मेलेल्या समजुतीही येतात आणि आपल्यात ठाण मांडून बसतात. मंडळात आपण सण, पाककृती, श्लोक, आरत्या आठवणीने पुढच्या पिढीला देतो. त्यांच्यासोबत न सांगता आणखी काय काय दिलं जातं, याबद्दल आई, मुलगा आणि पाद्री तीन अंक बोलतात. आपल्या रंगमंचावर ते मराठीतून बोललं जावं, एवढ्यासाठी मी या नाटकाच्या बाजूने आहे.

कामाचं थोडं. पात्रं पाच, खोली एक, म्हणून हे हौशी मंडळींना झेपतं. अवघड आहे तो प्रकाश. दोन अंक पावसाळी अंधार, आणि शेवटी पहाट, मागे हिमनदी आणि शिखरं उजळलेली. शाळेच्या सभागृहातल्या दिव्यांवर ती पहाट हळूहळू उगवायची आहे, एकदम नाही. त्यासाठी दोन तंत्रज्ञ सभासद गेले तीन रविवार शिडीवर आहेत. विषय जड असल्याने लहान मुलांसाठी शेजारच्या वर्गात चित्रकलेची सोय केली आहे, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जरूर आत आणा, आणि त्यांच्या शेजारी बसा.

पोशाख शिवून झाले, सोफा मिळाला, पुस्तकांचा ढीग जमला. एक वस्तू राहिली आहे. सूर्य वर येत असताना आल्विंगबाई टेबलाशी जाऊन रात्रभर जळलेला दिवा मालवतात. तसा काचेच्या चिमणीचा, पितळी बैठकीचा जुना दिवा कुणी गावाहून येताना सामानात आणला असेल, तर पुढच्या रविवारी तालमीला घेऊन या. प्रयोगानंतर पुसून, गुंडाळून परत मिळेल.